शंभरपैकी एकशे अठ्ठावीस

थापा मारायची नोकरी मला अगदी सरळ मार्गाने मिळाली. जाहिरात आली, अर्ज केला, बोलावणं आलं. मुलाखतीला तिघे बसले होते. मधल्याने विचारलं, "नियोजनाचा काही अनुभव?" मी म्हटलं, "घरातली सात लग्नं एकट्याने पार पाडलीत साहेब, एकाही पंगतीत वरण कमी पडलं नाही." आमच्या घरात तोवर लग्न एकच झालं होतं, माझ्या बहिणीचं, आणि त्यात माझ्याकडे चपला सांभाळायचं काम होतं. त्यातलेही दोन जोड गेले. पण तिघांनी माना डोलावल्या आणि मी नाशिकच्या एका संस्थेचा नियोजन आणि मूल्यमापन अधिकारी झालो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शहरात फ्लेक्स छापणारी यंत्रं आली होती. सकाळी फोटो दिला की संध्याकाळी माणूस हत्तीएवढा होऊन चौकात लटकायचा. नव्वदच्या सगळ्या दशकात ज्यांनी नाशकातली दुकानं, दवाखाने, टेम्पो आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या, ते पेंटर बघता बघता रिकाम्या हाताने बसले. आमच्या संस्थेच्या साहेबांना वाटलं, हातचं अक्षर मागणारी गिऱ्हाइकं अजून आहेत. हायवेवरची हॉटेलं, देवळं, शाळा, देवळालीच्या लष्करी लाइनी. तेव्हा वीस नव्या माणसांना सहा महिने पाट्या रंगवायला शिकवायचं. ह्याला कागदोपत्री 'सर्जनशील मनुष्यबळ विकास' असं भारदस्त नाव मिळालं. आणि मंजुरीच्या कागदातच एक ओळ होती: परिणाम दिसले तर शिकवणाऱ्याला केंद्रावर कायम निदेशक म्हणून घ्यायचं.

परिणाम दिसायचे तर ते मोजायला हवेत. मोजायचे तर आधी ठरवायला हवेत. ते ठरवायचं काम माझं.

मी पिंपळगावच्या बाजारात वाढलेला माणूस. तिथे भाव सांगायचा तो चढाच, कारण समोरचा पाडणारच. ह्यात लबाडी नाही, रीत आहे. म्हणून 'अपेक्षित परिणाम' ह्या रकान्यात मी ठोकून दिलं: प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या अक्षरलेखनाच्या गुणांत किमान चाळीस टक्के वाढ. मनात हिशेब असा की देणगीदार म्हणतील, चाळीस कसले, दहा करा. मी म्हणेन, बरं, तुमचंही राहू द्या आणि माझंही, वीस. पंधरा दिवसांनी कागद परत आला. एक आकडासुद्धा पाडलेला नाही! खाली सही, शिक्का आणि शेरा: 'अत्यंत महत्त्वाकांक्षी'. पहिल्याच आवाजाला माल उचलला गेला की विकणारा जसा पुन्हा पुन्हा हिशेब करून बघतो, तसा मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला.

केंद्र आडगावच्या पुढे, आग्रा रोडला लागून, एका बंद पडलेल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये होतं. मोठ्या हॉलमध्ये वर्ग. माझं ऑफिस मात्र द्राक्षं गार करायच्या खोलीत. यंत्र कोणीतरी विकून खाल्लेलं, भिंती तेवढ्या राहिलेल्या, वीतभर जाड, खिडकी नाही. दाराला कडी फक्त बाहेरून. द्राक्षं काही आतून दार उघडत नाहीत, तेव्हा आतल्या कडीचा विचार करायचं कोणाला कारणच पडलं नव्हतं. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की दार हलायचं, धप्पकन मिटायचं आणि बाहेरची कडी आपोआप पडायची. मग मी आत. कितीही ओरडलो तरी आवाज भिंतीतच मुरायचा. एकदा तर इतका वेळ अडकलो की बाहेर आल्यावर पहिल्यांदा विचारलं, मुख्यमंत्री कोण आहेत? आत वाचायला एकच गोष्ट होती, भिंतीवर चिकटवलेलं माझंच कोष्टक. काय करणार, काय घडणार, कसं मोजणार, पुरावा काय. चार रकाने. अडकलेला माणूस गजांकडे बघतो तसा मी त्या उभ्या रेघांकडे बघायचो.

शिकवायला आणले ते देवळाली कॅम्पातले उस्ताद. शिक्षण चौथी, पण हात असा की त्यांनी ओढलेल्या रेषेवर मुंगी सोडली तर ती थेट इगतपुरीला पोहोचेल, वळायचं तिला सुचणारच नाही. तोफखान्याचे सुभेदार म्हणे त्यांच्या पाटीसमोर उभे राहून त्या रेषेशी मिशीची दोन्ही टोकं जुळवून घ्यायचे. तीस वर्षं शिडीवर उभं राहून काम केलेलं. आता गुडघ्यांनी शिडीशी काडीमोड घेतला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "साहेब, मला काही नको. एक खुर्ची द्या. बसून शिकवीन. आता उभ्याने म्हातारं व्हायची ताकद नाही."

"उस्ताद, खुर्ची तुमचीच," मी म्हटलं. "मी लिहिलंय म्हणजे झालंच समजा."

हे वाक्य मी त्यांना सहा महिन्यांत किमान चारशे वेळा ऐकवलं असेल. फुकटचं वाक्य होतं.

शिकवायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांची एक चाचणी घ्यायची, आणि शेवटी तीच चाचणी पुन्हा. मधला फरक म्हणजे परिणाम. मी मजकूर निवडला: 'द्राक्षे विक्रीस तयार'. जोडाक्षरं असलेला, म्हणजे माणसाचा कस लागेल असा. वीस पत्र्याच्या पाट्या आणल्या, प्रत्येकीच्या मागे नाव लिहिलं. आणि नेमकं त्या दिवशी पिंपळगावला एका साखरपुड्याचं जेवण निघालं. मी उस्तादांना बजावलं, "आज काही शिकवायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. फक्त पाट्या करून घ्या आणि कपाटात ठेवा." दुसऱ्या दिवशी पाट्या कपाटात होत्या. मी कुलूप लावलं. उघडून बघितलं नाही. जिलेबी चांगली होती, अजून आठवते.

चौथ्या महिन्यात मधला अहवाल द्यायची वेळ आली. पाट्या तपासायला मी एका निवृत्त चित्रकलेच्या सरांना बोलावलं. ते फूटपट्टी घेऊन दोन दिवस बसले. शिरोरेषा मोजली, अक्षरांमधलं अंतर मोजलं, रंगाचा भराव बघितला. तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत माझ्या खोलीत आले.

"सरासरी ब्याण्णव," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात मी कोणाला एवढे मार्क दिले नाहीत. अहो, ह्या लोकांना तुम्ही शिकवणार तरी काय?"

ते गेले. मी कागद ओढला आणि ब्याण्णवात चाळीस टक्के मिळवले. एकशे अठ्ठावीस आणि वर चिल्लर. शंभरपैकी! म्हणजे प्रत्येकाने शंभरपैकी एकशे अठ्ठावीस मार्क मिळवले तर परिणाम, नाहीतर नाही. त्याच क्षणी आग्रा रोडवरून ट्रक गेला आणि दार मिटलं.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. माझ्या हिशेबाने दोन ऋतू. मग दार उघडलं ते सायखेड्याच्या वहिनींनी. आमच्या वीस जणांतल्या सगळ्यांत तिखट त्याच. दोन बस बदलून यायच्या आणि उशीर झाला तर बसला शिव्या घालत यायच्या.

"सर, परत कोंडून घेतलं व्हय? घरी बायको कोंडते, हितं दार."

"वहिनी, ही तुमची पाटी ना?"

"माझीच. मागं नाव हाय की."

"ही तुम्ही काढली? पहिल्या दिवशी? ब्रश कुठून धरायचा ते माहीत नसताना?"

"भरली मी. आखून उस्तादांनी दिली."

"पण आखायची पण तुम्हीच होती!"

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर लग्नात टोपी काढून नाचायला लागलोय. "उस्ताद समोर बसलेलं असताना मी खडूला हात लावू? तुमच्यात सासऱ्याच्या आधी जेवायला बसत्यात का?"

मी उस्तादांकडे धावलो. ते हॉलमध्ये खाटेवर गुडघ्याला तेल लावत बसले होते.

"मी शिकवलं नाही साहेब, अल्लाची शपथ. तुम्ही नको म्हणाला होता, मी दिवसभर तोंड उघडलं नाही. फक्त आखून दिलं. आणि कोपरे जरा साफ केले."

"वीसच्या वीस?"

"मग काय अर्ध्यांना देऊ आणि अर्ध्यांना नको?"

तेव्हा मला कळलं. त्यांच्या धंद्यात रेषा उस्तादाची, भराव चेल्यांचा. चार-चार वर्षं पोरं नुसती भरत असतात. मग एक दिवस उस्ताद स्वतःच्या हाताने खडू देतो, त्या दिवसापासून चेल्याची स्वतःची रेषा सुरू होते. पाटीवर कोणाचा हात किती, हे त्यांच्यात कोणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं, पाटी सगळ्यांची मिळून एक. आणि मी ती वीस नावांत वाटायला निघालो होतो. कपाटातल्या त्या वीस पाट्या म्हणजे एकाच माणसाचा हात वीस वेळा.

मी त्यांना सगळं समजावलं. आधीचे मार्क, नंतरचे मार्क, चाळीस टक्के, खुर्ची. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी चांगलं काढलं, म्हणून मी वाईट शिकवलं?"

"कागदावर तसंच दिसतंय."

ते मोठ्याने हसले. मी पण हसलो. मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नव्हतो, आणि हॉलमध्ये फक्त माझंच हसू उरलं.

ह्यातली सगळ्यांत जळजळीत गोष्ट अशी की मंडळी खरोखरच शिकली होती. उस्तादांनी तिसऱ्याच महिन्यात सगळ्यांना खडू दिला होता. चार वर्षांचं काम तीन महिन्यांत, केवळ खुर्चीपायी. वहिनींची रेषा अजून जराशी हलायची, त्यांच्या 'क्ष'ला पोट सुटायचं, पण ती रेषा त्यांची होती. शून्यावरून कोणी साठावर आलं असेल तर ती ही वीस माणसं. आणि माझ्या फायलीत ती ब्याण्णववरून साठावर घसरत होती.

साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "आधीची चाचणी पुन्हा घ्या."

"आता ते शिकलेत साहेब."

"मग न शिकल्यासारखं काढायला सांगा. चाळीस टक्के कोणी लिहिलं होतं?"

"मी."

"मग निस्तरा. मुंबईहून देणगीदारांच्या मॅडम येतायत तपासायला, शेवटच्या आठवड्यात."

मी वीस नव्या पाट्या आणल्या, मागे तीच नावं लिहिली आणि उस्तादांना माझ्या खोलीत नेलं. प्रशिक्षणार्थ्यांकडून वाईट काढून घ्यायची मला लाज वाटत होती. उस्तादांकडून मात्र वाटली नाही. मी म्हटलं, "उस्ताद, एकदाच. नवशिक्याने काढल्यासारखं आखा. वाकडं. खुर्चीसाठी."

त्यांनी खडू घेतला. पहिल्या पाटीवर टेकवला आणि हात सरळ गेला. "थांबा," म्हणाले. डाव्या हाताने ओढली. तीही सरळ! डोळे मिटून ओढली, तर आधीपेक्षा सुबक आली. मी म्हटलं, दारू पिऊन बघता का? ते म्हणाले, "पितो तेव्हा तर जास्तच नीट येतं."

पाचव्या पाटीवर मात्र त्यांनी दात आवळले आणि जमवलं. शिरोरेषा वाळत घातलेल्या साडीसारखी लोंबली. 'द्रा' लंगडला. 'क्ष' तर बसमधून पडल्यासारखा. मी आनंदाने टाळी वाजवली. त्यांनी पाटी उलटी केली आणि मागचं नाव वाचलं. वहिनींचं होतं.

"हे तिच्या नावावर जाणार?"

"फक्त फायलीत."

"फाइल कोण बघणार?"

"मॅडम बघतील. म्हणतील, आधी हिचं असं होतं, आता बघा किती सुधारलं."

"पण असं नव्हतं, साहेब. तिचं तेव्हा अक्षरच नव्हतं. नसलेलं वेगळं आणि वाईट वेगळं." त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि पाटी कोरी होईपर्यंत पुसली. "हे असलं दुसऱ्याच्या नावावर नाही लावायचं."

"खुर्ची जाईल, उस्ताद."

ते उठून दाराकडे गेले आणि ढकललं. दार मिटलेलं होतं. कधी मिटलं ते आम्हाला कळलंही नव्हतं. मग आम्ही दोघं त्या टर्पेंटाइनच्या वासात भिंतीला टेकून बसलो. मी नेहमीसारखं काहीतरी रचून सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मिटलं. बाहेरून कोणीतरी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्या कोष्टकाकडे बघत होते. रेघा कोणी मारल्यात एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरने.

शेवटच्या आठवड्यात मॅडम आल्या. शांत, नेमकं बोलणाऱ्या बाई. नंतरची चाचणी त्यांच्यासमोर झाली. ह्या वेळी मी उस्तादांना रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं होतं. मंडळींनी स्वतः आखलं, स्वतः भरलं. सरांनी फूटपट्टी लावली. सरासरी एकसष्ट.

मॅडमनी फाइल मिटली. "आधी ब्याण्णव, आता एकसष्ट. सहा महिन्यांत तुम्ही ह्या लोकांचं एवढं नुकसान कसं काय केलंत?"

मी खरं सांगितलं. साखरपुडा, खडू, रीत, वीस पाट्या, एक हात. मीठमसाला न लावता. घाम फुटला मला. मॅडम हसल्या. "तुम्ही गोष्टी फार छान सांगता, हे मला तुमच्या ऑफिसातून कळलं होतं."

"मॅडम," मागून वहिनी ओरडल्या, "आज खरं बोलत्यात ते! लय दिवसांनी, पण खरंच!"

टपरीवरून उस्तादांना बोलावलं. मॅडमनी कोरी पाटी पुढे केली. उस्तादांनी सुतळी न लावता शिरोरेषा ओढली आणि खाली 'द्राक्षे' आखलं, चहा पिताना कप खाली ठेवावा इतक्या सहज. मॅडमनी कपाटातली एक पाटी शेजारी ठेवली. मग दुसरी. मग म्हणाल्या, "मला पटलं."

माझ्या अंगावरून चार पोती उतरली.

"पण हे लिहू कुठे?" त्या म्हणाल्या. "आधीचं मोजमाप चुकीचं होतं असं लिहिलं, तर आधीचं मोजमापच नाही असा अर्थ होतो. ते नाही तर फरक नाही. फरक नाही तर परिणाम नाही."

"पण तुम्हाला दिसतंय ना? हे बघा, ह्या बाई आखतायत."

"दिसतंय. माझ्या फॉर्मात 'दिसतंय' असा रकाना नाही." त्यांनी हे उर्मटपणे म्हटलं नाही. पेनचं टोपण लावलं. त्यांच्या ऑफिसातसुद्धा भिंतीवर असंच काही चिकटवलेलं असणार, असं मला तेव्हा वाटून गेलं.

अहवाल आला: परिणाम सिद्ध करता येत नाहीत. निदेशकाची जागा रद्द. हॉलमध्ये पुढच्या वर्षी कॉम्प्युटर बसले, फ्लेक्सची डिझाइनं शिकवायला. मला काही झालं नाही. चाळीस टक्के लिहिणाऱ्याला कोणी काढत नाही, नवीन चाळीस टक्के लिहायला तो लागतोच. मी त्याच खोलीत पुढे नऊ वर्षं काढली. आतून कडी बसवून द्या म्हणून तीन अर्ज केले.

पाट्यांचा वर्ग बंद व्हायच्या दिवशी उस्ताद आपले ब्रश घ्यायला आले. फडक्यात गुंडाळले, काखोटीला मारले, आणि जायला निघाले ते दारातच थांबले.

"साहेब, ते सर होते ना फूटपट्टीवाले, त्यांनी मार्क दिले ते वीस जणांना. पण हात माझा होता."

"हो."

"म्हणजे मार्क माझे?"

मी ह्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. "तुमचेच की."

"किती म्हणाला होता?"

"ब्याण्णव."

"शंभरात?"

"शंभरात."

त्यांनी जरा विचार केला. "आठ कुठे गेले?"

"भरावात. तो पोरांचा होता."

"मग ठीक आहे." चेहरा एकदम मोकळा झाला. "चौथीनंतर कोणी मार्क दिले नव्हते. लिहून द्या."

मी संस्थेचा छापील कागद काढला. असा दाखला द्यायचा मला अधिकार नव्हता, पण अधिकार नसलेली कितीतरी वाक्यं मी तोवर लिहिली होती. 'प्रमाणित करण्यात येते की' एवढं लिहिलं असेल. उस्ताद वाकून बघत होते. त्यांना माझं अक्षर बघवेना.

"द्या इकडे," ते म्हणाले, "मी लिहितो. तुम्ही सही करा."

त्यांनी नवा कागद घेतला आणि माझ्या टेबलाशी उभ्यानेच लिहायला लागले. मी उठून माझी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले. पूर्ण दाखला लिहायला त्यांना अर्धा तास लागला. आकड्यात ब्याण्णव, अक्षरात ब्याण्णव. मी खाली सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी न करता तो दोन कोऱ्या पाट्यांच्या मधे सरळ ठेवला, आणि एकेक पाय जपून टाकत देवळालीच्या बससाठी रस्ता ओलांडायला निघाले.